विहीणबाई तोडणीला

नारायणगाव
६ सप्टेंबर २००४

यशोधरास,

हे पत्र तुझ्या सासूबाईंची खुशाली कळवायला लिहितोय. त्यापलीकडं त्यात काही शोधू नकोस. तीन वर्षं दादा फोनवर आले नाहीत आणि आज एकाएकी कागद घेऊन बसले, म्हणजे विरघळले की काय, असं तुला वाटेल. तसं काही नाही. पाहुणं घरी पोचलं की त्याच्या घरी तसं कळवायचं, एवढी रीत मला मार्केटला हमाली करत होतो तेव्हाही ठाऊक होती.

तर विहीणबाई सुखरूप पोचल्या. राकेशनं त्यांना तिकडून आपल्याबरोबर आणलं, मुंबईच्या विमानतळावरून थेट घरी. जीप थांबली तेव्हा मी ओट्यावर होतो. माणूस दिसायच्या आधी मला त्यांचा दम ऐकू आला. माझे कान तुला माहीत आहेत. टोमॅटोचा क्रेट जमिनीला टेकला की नुसत्या आवाजावरून सांगायचो, तळाचा माल नरम आहे म्हणून. ओट्याच्या पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा, थांबायला कारण हवं म्हणून, आपल्या जास्वंदीचं कौतुक केलं. बाई हुशार आहे, हे मी तिथंच ओळखलं. जास्वंदीला सध्या एक फूल नाही.

उंचीला तुझ्या आईएवढ्या, रुंदीला तुझ्या दोन आया. रंग आपलाच. पेठच्या बाजारात बसवलं तर कुणी विचारणार नाही, बाई तू कुठली. दुभाषी म्हणून रत्ना आहे. सख्ख्या भावाच्या, राकेशच्या, लग्नाला तू नव्हतीस, त्यामुळं या वहिनीला तू फोटोतच पाहिलंयस. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते, आणि विहीणबाईंना कामापुरतं इंग्रजी येतं. ती बिचारी आठ दिवस इंग्रजीत 'व्याही' शोधत होती, सापडला नाही. विहीणबाईंनी ओट्यावर टेकल्या टेकल्या माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "कोन्सुएग्रो." रत्ना हसायला लागली. "दादा, यांच्या मेक्सिकोच्या भाषेत शब्द आहे! व्याही म्हणजे व्याहीच!" मला बरं वाटलं. इंग्रजांना नातं कळत नाही, पण जगात आपण एकटे नाही.

एलोदिया हे नाव तुझ्या आईच्या तोंडात बसेना. दिवस मावळायच्या आत त्यांची येलूबाई झाली.

राकेशनं तुझा निरोप दिला. 'यांना धड परत पाठवा, मग बघू.' एवढाच. त्यातल्या 'मग बघू'मध्ये मला बरंच काही ऐकू आलं, पण ते मी माझ्यापाशी ठेवतो. डिसेंबरात राकेश पुन्हा कंपनीच्या कामावर तिकडं येईल, त्याच्याबरोबर त्या परततील. तोवर त्यांना इथं काडी इकडची तिकडं करावी लागणार नाही, हा माझा शब्द.

भागुजी


१९ सप्टेंबर

यशोधरास,

खुशाली उत्तम.

तुझ्या लग्नात मानपान झाला नाही. कसा होणार, लग्न झाल्याचंच आम्हाला फोटोवरून कळलं. पण भावकी विसरत नाही. नवऱ्या मुलाची आई आलीय म्हटल्यावर जो तो राहून गेलेला मान भरून काढायला निघालाय. पेठला रत्नाच्या माहेरी पुरणपोळ्या, भावकीतल्या झुंबरबाईकडं तुपातली लापशी, खोडदला आपल्या वावराशेजारच्या रखमाजीकडं मासवडी आणि वर रस्सा. विहिणीनं ताटात उरवलं तर घरधनिणीचा अपमान. आणि विहिणीनं आपल्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला तर अख्ख्या घराचा. त्यामुळं जातील तिथं त्यांना खुर्ची, खुर्चीत उशी, आणि समोर ताट.

रखमाजीची प्रयागबाई आग्रहाला केवढी चिवट, तुला माहीतच आहे.

"विहीनबाई, ही एक आमच्या नावाची."

खाल्ली.

"आता ही तुमच्या सुनंच्या नावाची. यशोच्या!"

तुझं नाव निघालं की त्यांना नाही म्हणता येत नाही. या पंधरवड्यात त्या बाईनं तुझ्या नावानं जेवढं खाल्लंय तेवढं तू जन्मात खाल्लं नसशील. त्यांच्याकडंही म्हणे वाढलेलं नाकारणं म्हणजे वाढणारीच्या तोंडात मारणं. म्हणजे आम्ही वाढायचं थांबत नाही आणि त्या खायच्या थांबत नाहीत. दोन्हीकडं सभ्य माणसं असली की असं होतं.

राकेश सांगत होता, तू तिथल्या दवाखान्यात याच माणसांची तपासणी करतेस. मेक्सिकोहून आलेली माणसं काय खातात, किती हलतात, वजन किती. आणि तुम्हाला आढळलं, की माणूस जितकी जास्त वर्षं तिथं राहिला तितका तो जड. याला एवढं शिकायची काय गरज? खोडदचा माणूस नारायणगावला आला की त्याची कंबर चार बोटं वाढते, पुण्याला गेला की वीतभर. पुढं विमानात बसल्यावर काय होत असेल, ते तुम्ही मोजा.

परवा विहीणबाईंना जरा चक्कर आली. जेवण जड झालं असेल. आता ठणठणीत आहेत.

भागुजी


४ ऑक्टोबर

यशोधरा,

त्या दिवशी फोन मी उचलला, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

तीन वर्षांनी बापलेक बोललो आणि बोललो काय? उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, गोळी कितीची. मला वाटलं होतं, कधीकाळी बोलायचं झालंच तर मी काय काय बोलेन. सगळं पाठ होतं. त्यातलं एक वाक्य बाहेर आलं नाही. तुझा आवाज मात्र पूर्वीसारखाच आहे. घाबरलीस की तू हळू बोलतेस, ओरडत नाहीस.

रत्नानं तुला ईमेल केला ते बरं केलं. मी लिहिलं असतं, पण सावकाश. तर ऐक. ती साधी चक्कर नव्हती. रखमाजीच्या ओट्यावर हात धुताना त्या खाली बसल्या त्या उठेचनात. जीपमध्ये घालून नारायणगावला आणलं. डॉक्टरांनी सुई टोचली, साखरेचा आकडा बघितला आणि माझ्याकडं बघितलं.

"यांना काय खायला घालताय?"

मी अभिमानानं सांगितलं.

"भागुजीशेठ," ते म्हणाले, "माणसाला मारायचं असेल तर याहून स्वस्त उपाय आहेत."

मला वाईट वाटलं नाही. पण बाहेर बाकावर तुझी आई बसली होती, तिला ते ऐकू गेलं आणि ती रडायला लागली. "आमी तर मान केला वो," एवढंच म्हणत होती. विहीणबाई आत पडल्या पडल्या तिला ऐकत होत्या. त्यांनी हाक मारून तिला जवळ बोलावलं आणि तिचे डोळे पुसले. आजारी कोण आणि समजूत कोण काढतंय! या बाईच्या घरी तू गेलीस, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. आणखी काय लिहू?

फोनवर तू म्हणालीस, "दादा, त्यांना बसवू नका. इथं मार्तीननं, त्यांच्या पोटच्या मुलानंच, बसवलंय त्यांना." मग तू ते सगळं सांगितलंस. गावाकडं मक्याची भाकरी, घेवडा, मिरची, आणि दिवसभर पाय चालते. तिकडं आल्यावर द्राक्षं-टोमॅटोच्या बागेत मजुरी, तेव्हाही अंग हलकं. मग मुलगा शिकला, कमावता झाला आणि म्हणाला, आई, आता तू काही करायचं नाही, बस. त्या बसल्या. घराबाहेर रस्ता आहे पण रस्त्यावर माणूस नाही. घरात टीव्ही आहे, फ्रिज आहे, फ्रिजात गोड थंड पाण्याच्या बाटल्या. मुलाचं प्रेम असं एकेका पायरीनं अंगावर चढलं.

तू सांगत होतीस आणि मी ऐकत होतो. माझा एक हात फोनवर होता आणि दुसरा माझ्या पोटावर.

माझी तब्येत उत्तम आहे. त्याची चिंता नको.

आता जेवणाची आमंत्रणं बंद केलीत. प्रयागबाई रुसली. मी तिला म्हणालो, वहिनी, विहीण जगली पाहिजे. ती म्हणाली, "आमच्या मासवडीनं आजवर कोन मेलंय?"

भागुजी


२३ ऑक्टोबर

यशोधरा,

आज अक्षर वाकडं येतंय, पण आजारानं नाही. हसून.

डॉक्टर म्हणाले होते, यांना चालवा. मी म्हणालो, अंगणात चालवतो. अंगणात त्या दोन दिवस गोल फिरल्या, घाण्याच्या बैलासारख्या. तिसऱ्या दिवशी तोंड फिरवून बसल्या. आपल्याकडं तोडणीला येणारी सोनीबाई तुला आठवते? तिची टोळी रोज सकाळी आपल्या टेम्पोत बसून खोडदच्या वावरात टोमॅटो तोडायला जाते. परवा टेम्पो दारात थांबला, बायकांचा गलका झाला. विहीणबाई उठल्या, पायात राकेशचे बूट चढवले, डोक्याला माझं उपरणं बांधलं आणि जाऊन टेम्पोचं फाळकं धरलं.

"शेठ!" सोनीबाई ओरडली. "तुमची विहीन वर चढतीया!"

"चढू देऊ नको!"

"चढली की!"

वर ओढायला चार बायका लागल्या. टेम्पो गेला.

आता तूच सांग, लोक काय म्हणतील? महिन्यापूर्वी जिला पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हतो ती विहीण मजुरांच्या टेम्पोत. मी मोटारसायकल काढली. बांधावर रखमाजी वाटच बघत होता.

"काय भागुजीशेठ, मजूर मिळंना म्हनून अमेरिकेहून मागावला व्हय?"

शेजारच्या वावरातली माणसंसुद्धा हसली. मी पांढऱ्या कपड्यात सरीच्या तोंडाशी उभा. विहीणबाई तारेवर बांधलेल्या झाडांच्या ओळीत बसल्या होत्या. चार फळं तोडायच्या, थांबून दम घ्यायच्या, पुन्हा चार. आजूबाजूच्या बायका पुढं निघून गेल्या होत्या. मी हातानं खूण केली, चला घरी. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बाजूचा रिकामा क्रेट माझ्या हातात दिला.

यशो, तो क्रेट हातात घेऊन मी तसाच उभा. या क्रेटखालून खांदा काढून घ्यायला माझी निम्मी उमर गेली. हमालाचा ड्रायव्हर झालो, ड्रायव्हरचा टेम्पोमालक, मग हे वावर, ही गादी. आता मी क्रेटला हात लावत नाही; बोटानं दाखवतो.

मागून सोनीबाईचा आवाज आला. "शेठ, हुबं ऱ्हायचं आसंल तर बांधावर ऱ्हावा. तुमची सावली पडतीया, टमाटं पिकायची न्हाईत."

बायका खो खो हसल्या. विहीणबाईंना शब्द कळला नाही पण त्यांनी माझं पोट बघितलं, सावली बघितली, आणि त्या इतक्या हसल्या की सरीतच आडव्या झाल्या.

मग मी वाकलो. म्हणजे वाकायचा प्रयत्न केला. पट्टा आडवा आला. शेवटी मीही त्यांच्यासारखा खालीच बसलो आणि सरकत सरकत तोडायला लागलो. व्याही आणि विहीण एका सरीत, बाकीची टोळी केव्हाच पुढच्या ओळीला.

दुपारी बांधावर फडकी सुटली. बाजरीची भाकरी, मटकी, ठेचा, कांदा. सोनीबाईनं अर्धी भाकरी मोडून विहीणबाईंच्या हातावर ठेवली. आणखी घ्या म्हणाली नाही. तिच्याकडं आणखी नव्हतीच. विहीणबाईंनी मटकी भाकरीत गुंडाळली आणि अशी खाल्ली, की पंधरा दिवसांच्या पंक्तीत मी त्यांना तसं खाताना बघितलं नव्हतं. सगळ्यांत आधी त्या उठल्या आणि सगळ्यांचं पाणी भरून आणलं.

रात्री तुझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीनं लगीन करताना का इचारलं न्हाई, आता कळलं का तुमाला? मजुराला माझा बाप व्याही म्हनंल का, ह्याचं भ्या वाटलं आसंल तिला."

मी जेवत होतो. जेवताना बोलू नये.

दादा


१४ नोव्हेंबर

चि. यशो,

दिवाळीत फराळाची ताटं दारावरून आली तशीच परत गेली, आणि आश्चर्य म्हणजे कुणी रुसलं नाही. आता गावालाच माहीत झालंय की येलूबाई तोडणीला जातात. पहिले आठ दिवस लोकांनी माझी टर उडवली. मग कंटाळले. आता वावरात शिरलो की पलीकडून हाक येते, "येलूबाई, राम राम!" आणि या "जय भीम" म्हणून हात वर करतात. सोनीबाईनं शिकवलंय.

डॉक्टरांनी सांभाळायला सांगितलंय ते आम्ही सांभाळतो: बूट, वेळेवर खाणं, गोळी, उन्हाच्या आधी परत. आता त्या पायऱ्या एका दमात चढतात. वर आल्यावर जास्वंदीकडं बघतही नाहीत. परवा सुई टोचली तर डॉक्टरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मला म्हणाले, "आता बरोबर खायला घालताय." मी म्हणालो, मी काहीच घालत नाही. ते म्हणाले, "तेच."

संध्याकाळी त्या तुझ्या आईजवळ चुलीपाशी बसतात. तुझी आई बाजरीची थापते, त्या मक्याच्या पिठाची. दोघींच्या हातांचा आवाज वेगळा येतो. तुझ्या आईची थाप एका तळहाताची, परातीत. त्यांची दोन हातांमधली, हवेत. मी ओट्यावर बसून ऐकतो. एकीला मराठी येतं, दुसरीला येत नाही, आणि गप्पा तासन्‌तास. परवा तर भांडल्यासुद्धा. कशावरून, ते रत्नालाही कळलं नाही.

मी त्यांना रत्नाकरवी विचारलं, एवढ्या लांब तुम्ही कशाला आलात? तब्येत अशी, भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, "माझी सून रविवारी तुमच्या घरी फोन करते. ठेवला की भांडी घासते. स्वच्छ भांडी पुन्हा घासते. म्हटलं, हा बाप कोण आहे, एकदा बघून येऊ."

मी म्हणालो, मग? बघितला?

त्यांनी रत्नाला काहीतरी सांगितलं. रत्ना भाषांतर करेना. फार आग्रह केल्यावर म्हणाली, "दादा, त्या म्हणतात, बाप चांगला आहे. फक्त बसलेला होता."

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. ज्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं त्याच दिवशी डॉक्टरांनी माझंही बोट टोचलं. म्हणाले, आलाच आहात तर. माझा आकडा विहिणीपेक्षा मोठा निघाला. घरी कुणाला सांगितलं नाही. तुला पत्रात तब्येत उत्तम म्हणून लिहिलं. आता सांगायला हरकत नाही, कारण विहिणीबरोबर रोज तोडणी करून तो उतरलाय. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. चांभारानं विचारलं, शेठ, आतल्या बाजूला? मी म्हणालो, हो रे बाबा, आतल्या. कधी नव्हे ते.

तर यशो, तुझे आभार मानायचेत. बापानं लेकीचे आभार मानायची पद्धत आपल्याकडं नाही, त्यामुळं कसे मानतात ते मला ठाऊक नाही. तू न विचारता लग्न केलंस, त्याचा राग अजून थोडा आहे. तो राहू दे, जुना झालाय, कामाचा नाही. पण तू केलं नसतंस, तर ही बाई माझ्या दारात कुठून आली असती? मी गादीवर बसून एक दिवस आडवा झालो असतो आणि लोक म्हणाले असते, सुखात गेला.

दादा


९ डिसेंबर

चि. यशो,

आतापर्यंत विहीणबाई तिथं पोचल्या असतील. राकेशनं मधल्या विमानतळावरून फोन केला होता.

निघायच्या दिवशी काय झालं ते सांगतो. सोनीबाईची टोळी कामावर गेली नाही. दारात येऊन बसली. कुणी तीळ आणले, कुणी बाजरीचं पीठ, आणि सोनीबाईनं सुकवलेल्या मिरच्यांची पिशवी. विहीणबाईंनी एकेकीला मिठी मारली. आपल्या बायकांना मिठीची सवय नाही. त्या लाकडासारख्या उभ्या राहिल्या आणि मग एकदम रडायला लागल्या. सोनीबाई मला म्हणाली, "शेठ, तिथं तिला कोन बोलवंल वो कामाला? हितं आमी टेम्पोतनं हाका मारायचो." तिचं बोलणं माझ्या कानातून जात नाही.

मीही गाडीत बसून मुंबईपर्यंत गेलो. वाटेत त्यांना रत्नाकरवी सांगितलं, तिकडं गेल्यावर रोज चालत जा. त्या मग म्हणाल्या, "कोन्सुएग्रो, आमच्या रस्त्यानं मी एकटी चालले तर लोक गाडी थांबवतात. विचारतात, बाई, तुमची गाडी बंद पडलीय का? तिथं पायी चालणारा म्हणजे ज्याचं काहीतरी बिघडलंय तो. दोघं असले तर कुणी विचारत नाही. दोघं म्हणजे घरचे."

मग माझ्या दंडावर चापट मारून म्हणाल्या, तुम्ही या.

मी हसलो. म्हणालो, माझा टोमॅटो कोण बघणार?

तू म्हणाली होतीस, धड परत पाठवा. पाठवल्या. तपासून घे.

घरात आता परातीचा एकच आवाज येतो.

दादा


२० फेब्रुवारी २००५

चि. यशो,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर तीन वर्षांनी बघितलं. पाकीट तुझ्या आईनं आधी छातीशी धरलं, मग मला दिलं. तू लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. विहीणबाई पहिले काही दिवस गेल्या चालायला. मग धुकं पडलं, कुणाचं तरी कुत्रं मागं लागलं, तू आणि मार्तीन दिवसभर कामावर. आता पुन्हा टीव्हीसमोर बसतात आणि कुणी विचारलं तर म्हणतात, उद्यापासून. तू लिहितेस, 'दादा, तुम्ही धड पाठवल्या होत्या. मीच सांभाळू शकले नाही. दिवसभर दवाखान्यात दुसऱ्यांना सांगते, चाला म्हणून, आणि माझ्या घरात—' पुढं तू काही लिहिलं नाहीस. तिथं शाई पसरली आहे.

अगं वेडे, तुझी चूक नाही. मीही इथं त्यांना चालवलं नाही. टोळीनं चालवलं. शहाण्या उपदेशानं कुणाचा पाय उचलत नाही. कुणीतरी दारात येऊन हाक मारावी लागते. तिकडं सगळं आहे, हाक मारणारं माणूस नाही. एवढी एकच वस्तू इथून पाठवायची राहिली.

माझा पासपोर्ट डिसेंबरातच टाकला होता. कुणाला बोललो नव्हतो. मागच्या आठवड्यात आला. तुझ्या आईचाही.

दादा


मुंबई
१७ मार्च २००५

चि. यशो,

हे पत्र अमेरिकेच्या वकिलातीसमोरच्या हॉटेलात बसून लिहितोय. समोर चहा आहे, बिनसाखरेचा. तुझी आई शेजारी बसून सगळ्यांचे चेहरे वाचतेय, कुणाचा व्हिसा झाला आणि कुणाचा नाही.

आमचा झाला. खिडकीत एक गोरी बाई होती आणि शेजारी मराठी समजणारा पोरगा. बाईनं विचारलं, कशाला जाताय? लेकीला भेटायला, मी म्हणालो. आणखी काही काम? मी म्हणालो, विहिणीला सोबत करायची आहे. पोरगा म्हणाला, "सोबत म्हणजे? आजारी आहेत का?" मी म्हणालो, "न्हाई राव, चालायला सोबत. तिथं गाड्या लई हायेत, चालायला मानूस न्हाई." त्यानं ते बाईला सांगितलं. मग तिनं त्याला काहीतरी विचारलं आणि तो हसत म्हणाला, "त्या म्हणतात, किती दिवस चालणार?" मी म्हणालो, उन्हाळाभर. पुढच्या टोमॅटोच्या तोडणीला मला परत यायलाच लागतंय. सोनीबाई थांबायची नाही. बाईनं पासपोर्ट ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे झालं, असं बाहेर आल्यावर कळलं. आत असताना मला वाटलं, जप्त केले.

मे महिन्यात येतो. विहीणबाईंना आत्ता सांगू नकोस. सकाळी त्यांच्या दारात उभा राहून मीच हाक मारणार आहे, आणि सोनीबाईनं ती कशी मारायची ते मला शिकवून ठेवलंय.

विमानतळावर मार्तीनला पाठवू नकोस, तू ये. राकेश सांगतो, तिथं गाड्या लावायची जागा अफाट मोठी असते, पार लांबपर्यंत. तर तू गाडी लांब लाव. अगदी शेवटच्या टोकाला. सामान तुझी आई ढकलत नेईल, ते चाकांवर असतं म्हणे. आपण दोघं मागून चालत जाऊ. तीन वर्षांचं बोलायचं राहिलंय, यशो, तेव्हा जवळ जागा मिळाली तरी घेऊ नकोस.

तुझे,
दादा